वाडग्यातला ससा, वाडग्यातली रेघ

मागच्या वेळी आपण पेरूच्या वाळवंटी किनाऱ्यावरची मोचे लोकांची भांडी पाहिली. माणसाचा चेहरा जसाच्या तसा, व्रणासकट. त्यानंतर तुमच्याकडून जे प्रश्न आले त्यांतला एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारला होता. ज्यांना आकृती काढता येत होती, त्या लोकांनी इतर भांड्यांवर नुसती नक्षी का काढली? आज या प्रश्नातल्या ‘नुसती’ या शब्दाबद्दल बोलायचं आहे. तो शब्द वाटतो तितका साधा नाही. त्या एका शब्दापायी गावंच्या गावं उकरली गेली आहेत, हे शेवटी आपण पाहूच.

त्यासाठी पेरू सोडून बरंच उत्तरेला जाऊ या, अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात. तिथे मिम्ब्रेस नावाची एक नदी आहे. लहानशी. समुद्राला मिळतच नाही, पुढे वाळवंटात जिरून जाते. मिम्ब्रेस हा स्पॅनिश शब्द, काठावरच्या वाळुंजाच्या झाडांवरून पडलेला. नदीचं हे नाव मग तिथल्या जुन्या रहिवाशांना आणि त्यांच्या भांड्यांना चिकटलं. मका, घेवडा, भोपळा पिकवणारी, दगडमातीच्या एकमेकींना लागून बांधलेल्या खोल्यांमधून राहणारी ही माणसं. त्यांच्या रंगवलेल्या भांड्यांचा ऐन बहर साधारण इ.स. 1000 ते 1130. आपल्याकडे अंबरनाथचं शिवमंदिर 1060 मधलं, म्हणजे त्याच काळातलं. काळाचा अंदाज यावा म्हणून हे सांगितलं, दोहोंचा बाकी काही संबंध नाही.

कुंभाराचं चाक त्यांच्याकडे नव्हतं. मातीच्या वळ्या एकीवर एक चढवायच्या, आतून-बाहेरून खरवडून भिंत पातळ करायची, वर पांढऱ्या मातीचा लेप द्यायचा आणि त्या पांढऱ्यावर लोहयुक्त खनिजाच्या रंगाने चितारायचं. भाजताना हवा कमी मिळाली की हा रंग काळा उतरतो, जास्त मिळाली की तांबूस. त्यामुळे एकाच वाडग्याची एक बाजू काळी आणि दुसरी विटकरी झालेली पुष्कळदा दिसते. चितारलेलं असतं ते आतल्या बाजूला, वाडग्याच्या पोटात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या भांड्यांची छायाचित्रं एकत्र करण्याचं काम अभ्यासकांनी केलं आहे आणि तो संग्रह आता दहा हजारांच्या घरात गेला आहे. त्यांतली बहुसंख्य भांडी भौमितिक नक्षीची आहेत. माणसं, प्राणी, पक्षी, मासे असलेली कमी. पण पुस्तकाचं मुखपृष्ठ बघा, टपालाचं कार्ड बघा, पिशवीवरचं चित्र बघा. मिम्ब्रेस म्हटलं की ससा, नाहीतर वटवाघूळ, नाहीतर आपल्याहून मोठा मासा पाठीवर घेऊन निघालेला माणूस. ज्यांची संख्या कमी त्यांनी सगळ्यांचं प्रतिनिधित्व करायचं, असा हा प्रकार.

आता आकृतींचा मोह का पडतो तेही प्रामाणिकपणे पाहू. त्या आहेतच विलक्षण. एक बाई बाळंत होते आहे. शेतात पक्ष्यांसाठी फासे लावलेत. काही जण जुगारात रंगलेत. एक जण दुसऱ्याचं मुंडकं उतरवतो आहे. हे सगळं तळहाताहून थोड्या मोठ्या गोल जागेत, चार-सहा रेघांत. काठाशी एक-दोन बारीक वर्तुळं, मधे मोकळा पांढरा गोल आणि त्यात ती आकृती. जमीन नाही, आकाश नाही, झाडझाडोरा बहुधा नाही. रिकाम्या जागेवर इतका विश्वास ठेवणारा चित्रकार जगात कुठेही दुर्मिळच. आणि विनोदही आहे, निदान आपल्याला तो जाणवतो. त्यांना तो विनोद वाटत होता की नाही, हा वेगळा प्रश्न.

पण सशाकडे नीट बघा. कान, पाय, शेपूट हे सशाचं आहे. पोट मात्र सशाचं नाही. पोटाच्या जागी एक चौकट आहे आणि तिच्यात नक्षी: चौकड्या, पायऱ्यापायऱ्यांचे त्रिकोण, समांतर बारीक रेघा. शेजारच्या भौमितिक वाडग्यावर जी नक्षी काठापासून काठापर्यंत पसरलेली असते, तीच इथे सशाच्या अंगात शिरली आहे. कासवाच्या पाठीत, माशाच्या कुशीत, पक्ष्याच्या पंखात सगळीकडे हेच. म्हणजे एक आकृतिवाला चित्रकार आणि एक नक्षीवाला चित्रकार अशी दोन घराणी इथे नाहीत. एकच हात, एकच कुंचला. रेघ कुठे थांबवली, एवढ्यावर ससा होतो की नक्षी राहते ते ठरतं. मूर्त आणि अमूर्त हे दोन कप्पे करून मग यांना त्यांत कोंबायला गेलो की कुठल्याही कप्प्याचं झाकण नीट लागत नाही.

उलट दिशेनेही पाहता येतं. भौमितिक वाडगा समोर ठेवला की पहिल्यांदा काळे आकार दिसतात. थोडा वेळ टक लावली की पांढरे आकार पुढे येतात आणि काळं मागे जातं. मग ठरवता येत नाही, काळ्यावर पांढरं काढलंय की पांढऱ्यावर काळं. पायऱ्यांचा एक आकार दुसऱ्या आकाराच्या दातांत अडकलेला. एक भाग भरीव काळा, त्याचाच जोडीदार बारीक रेघांनी भरलेला. या रेघा केसाएवढ्या, एकमेकींना न चिकटता, वाडग्याच्या आतल्या बाकावर हात न थरथरता ओढलेल्या. सपाट कागदावर पट्टी घेऊन हे करणं वेगळं. इथे पृष्ठभाग सतत वळतो आहे, आणि वर जाताना घेर वाढतो तशी नक्षीही मोठी करत न्यावी लागते, नाहीतर काठाशी येऊन हिशेब चुकतो. शेवटच्या भागात जागा पुरली नाही म्हणून आकार दाटीने बसवलेला, असेही वाडगे आहेत. आम्हाला ते फार आवडतात, कारण हिशेब करणारं माणूस तिथे स्वच्छ दिसतं.

आमचं मत असं की कसोटीचं काम भौमितिक वाडग्यांत आहे. ससा चुकला तरी ससा राहतो, एक कान लांब झाला तर गंमत वाटते. चौपदरी नक्षी एका जागी चुकली की सगळा वाडगा लंगडतो. हे मत सगळ्यांना पटेल असं नाही.

नक्षी दोन किंवा चार भागांत फिरणारी का असते, याचंही एक साधं उत्तर सुचतं. यांतल्या अनेक वाडग्यांच्या आतल्या अंगावर वापराच्या खुणा आहेत, रंग झिजलेला आहे. म्हणजे त्यांतून लोक जेवले आहेत. जमिनीवर मधे ठेवलेल्या वाडग्याला वरची बाजू नसते. ज्या बाजूला तुम्ही बसाल ती तुमची बाजू. फिरती नक्षी कुणालाही उलटी दिसत नाही. एकटा ससा मात्र समोरच्याला पाय वर करून पडलेला दिसणार. काही वाडग्यांत दोन प्राणी एकमेकांकडे डोकी-पाय उलटे करून फिरवलेले असतात, पत्त्यातल्या राजासारखे. ते याच अडचणीतून आलं असावं असं आम्हाला वाटतं. तसं असेल तर आकृतीला नक्षीचा नियम पाळावा लागला आहे, नक्षीला आकृतीचा नाही.

आता ‘नुसती नक्षी’. घरच्या उदाहरणाने बोलू. चातुर्मासात दारात गोपद्मं काढतात. परक्या माणसाने ती पाहिली तर त्याला काय दिसेल? बारक्या, सारख्या आकारांची एक रांग. तो वहीत लिहील, भौमितिक, अमूर्त, सजावटीसाठी. काढणाऱ्या बाईला विचारा. ती म्हणेल, गाईची पावलं आहेत ती. चैत्रांगणातल्या कितीतरी आकारांचं असंच आहे. आकारात गाय नाही, गाय त्या अंगणाला ठाऊक आहे. तेव्हा अमूर्त हा शब्द पुष्कळदा चित्राचं वर्णन करत नाही, तो बघणाऱ्याचं वर्णन करतो. मिम्ब्रेसच्या पायऱ्यांत ढग आहे, नागमोडीत वीज आहे असं आजच्या प्वेब्लो समाजांतल्या चिन्हांवरून सुचवलं जातं. होपी चित्रकार फ्रेड कबोटी यांनी 1949 मध्ये या जुन्या नक्ष्यांचा होपी दृष्टीने अर्थ लावणारं पुस्तकच काढलं. मधे आठशे वर्षं गेली आहेत, अर्थ हलले असतील, हे खरं. पण या रेघा वाचायच्या असतात, नुसत्या बघायच्या नसतात, एवढं तरी त्या पुस्तकाने पक्कं केलं.

आणि आकृती? ती तरी आपल्याला कळते का? इथे एका वाडग्याचं उदाहरण फार बोलकं आहे. त्यात ससा चंद्रकोरीसारखा वळलेला आहे आणि त्याच्या पायाशी एक गोल, भोवती किरण. किरण मोजले तर 23 भरतात. इ.स. 1054 मध्ये आकाशात एका ताऱ्याचा स्फोट झाला. चिनी नोंदींप्रमाणे तो तारा 23 दिवस भर दिवसा दिसत होता. अमेरिकेतल्या काही खगोल-अभ्यासकांनी म्हटलं, हा तोच. सगळ्यांना ते मान्य नाही. पण आपण मराठी माणसं तो वाडगा पाहतो तेव्हा आपल्याला अभ्यासकाची गरजही वाटत नाही. चंद्रावर ससा! आपल्या भाषेत चंद्राला शशांक म्हणतातच की. मेक्सिकोतही चंद्रावर ससा आहे, आणि तो या नदीच्या पुष्कळ जवळ आहे. आपला शशांक तिथे पोचलेला नाही, पण आपल्याला कळल्यासारखं वाटलं. आकृतीचा धोका हाच. ती ओळखीची वाटते आणि ओळख पटली की आपण विचारायचं थांबतो. नक्षी निदान लबाडी करत नाही, मला तू ओळखत नाहीस हे ती तोंडावर सांगते.

माशांचं तसंच झालं. वाळवंटात जिरणाऱ्या नदीकाठची माणसं मासे काढतात, तेव्हा ते नदीतलेच असणार असं धरून चाललं होतं. 1986 मध्ये अभ्यासकांनी चित्रांतले कल्ले, शेपट्या, अंगाची ठेवण बारकाईने तपासली आणि दाखवलं की ओळखता येणारे बरेच मासे खाऱ्या पाण्यातले आहेत, शेकडो किलोमीटर दूरच्या कॅलिफोर्नियाच्या आखातातले. त्या आखातातल्या शिंपल्यांची कांकणं या गावांत सापडतातच. म्हणजे कुणीतरी एवढी पायपीट करून समुद्र पाहून आलं होतं आणि परत येऊन घरात सांगितलं होतं. ‘साधं माशाचं चित्र’ म्हणून ज्याची बोळवण होत होती त्यात हा सगळा प्रवास होता.

आता त्या ‘आतल्या बाजू’कडे येऊ.

हे वाडगे सापडतात कुठे? घरातल्या जमिनीखाली. माणूस गेलं की पुष्कळदा त्याला राहत्या खोलीच्या जमिनीखाली पुरत, पाय पोटाशी घेतलेल्या स्थितीत, आणि काहींच्या डोक्यावर वाडगा पालथा घालत. त्याआधी त्याच्या तळाला एक भोक पाडत. भोक वाडग्याच्या मधोमध. चित्र मधोमध असेल तर भोक चित्रातून जातं, सशाच्या पोटातून, कधी माणसाच्या छातीतून. हे ऐकताना आपल्या डोळ्यांसमोर स्मशानातलं खांद्यावरचं मडकं येतं, दगडाने त्याला पाडलेलं भोक, त्यातून पडणारी पाण्याची धार. येऊ द्या. पण शशांकाचं जे झालं ते इथे होऊ देऊ नका. दोन समाजांनी मरणाच्या वेळी भांड्याला भोक पाडलं एवढंच आपण म्हणू शकतो.

त्या भोकाचं कलेच्या दृष्टीने काय करायचं? तळाला भोक असलेला, पालथा घातलेला वाडगा. त्याचं चित्र खाली, मृताच्या चेहऱ्याकडे. आकृती असो की नक्षी, शेवटी ती बघायला एकच जण होता आणि त्याचे डोळे मिटलेले होते. आपण जी छायाचित्रं पाहतो ती सगळी वरून, वाडगा उताणा ठेवून, त्याची खोली सपाट करून घेतलेली. म्हणजे त्या वस्तूला ज्या स्थितीत ठेवून लोक बाजूला झाले होते त्याच्या बरोबर उलट स्थितीत. चित्र म्हणून त्याकडे पाहायचं तर वाडगा उलटावा लागतो, आणि उलटायचा तर आधी जमीन खणावी लागते. इथे सौंदर्यविचार आणि कुदळ यांना वेगळं करता येत नाही.

कुदळीची हकिगत थोडक्यात. 1914 मध्ये स्मिथसोनियनच्या जेसी फ्यूक्स यांनी या खोऱ्यावर लिहिलं आणि जगाला ही भांडी ठाऊक झाली. 1924 ते 1927 या काळात कॉसग्रोव्ह पतिपत्नींनी हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयासाठी स्वॉर्ट्‌स नावाचं गाव उत्खनन करून काढलं. कॉसग्रोव्ह यांचं आधी सिल्व्हर सिटीत हार्डवेअरचं दुकान होतं. हॅरिएट कॉसग्रोव्ह यांनी शेकडो वाडग्यांची हाताने केलेली रेखाटनं 1932 च्या अहवालात आहेत आणि त्यांत नक्षीला आकृतीइतकीच जागा आहे. त्या बाईंनी प्रत्येक रेघ स्वतः ओढून पाहिली होती, म्हणून असेल.

बाजाराने मात्र तसं केलं नाही. आकृती असलेल्या वाडग्याला नक्षीच्या वाडग्याच्या कितीतरी पट भाव. 1960 नंतर हे भाव इतके चढले की फावडी मागे पडली आणि बुलडोझर आले. खासगी जमीन मालकाची, तीत सापडलेलं मालकाचं. यंत्राच्या पात्याने जमिनी थरथराने सोलायच्या, वाडगा दिसला की थांबायचं, हाडं बाजूला. गॅलाझ हे खोऱ्यातलं मोठं गाव, 1975 च्या सुमारास असंच सपाट झालं. स्टीव्हन लेब्लांक आणि त्यांचे सहकारी त्याच वर्षांत मोडलेल्या गावांतून उरलंसुरलं नोंदवत हिंडत होते. थडगी उकरणं न्यू मेक्सिकोच्या कायद्याने खासगी जमिनीवरही गुन्हा ठरलं ते 1989 मध्ये. तोवर बहुतेक गावांचं व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आणि बाजारात पोचल्यावर? भोक बुजवायचं, त्यावर सशाचं राहिलेलं पोट रंगवायचं, म्हणजे चित्र ‘पुरं’ होतं. याच्याही पुढची पायरी म्हणजे जुना, अस्सल, पण मधे रिकामा पांढरा गोल असलेला नक्षीचा वाडगा घ्यायचा आणि त्या रिकाम्या जागेत एक प्राणी चितारायचा. अशा बनावटी उघडकीला आल्या आहेत. आता सांगा, त्या ठगाने कुणाचं मत ऐकलं होतं? आकृती म्हणजे कला आणि नक्षी म्हणजे नुसती सजावट, हे मत त्याने शोधून काढलेलं नव्हतं. ते पुस्तकांत, प्रदर्शनांच्या भिंतींवर, लिलावाच्या यादीत त्याला तयार मिळालं. त्याने फक्त गिऱ्हाइकाच्या डोळ्याला जी जागा रिकामी दिसत होती ती भरून दिली.

या सगळ्यात एक प्रकरण असं आहे की त्यावर काय बोलावं हे चटकन ठरत नाही. 1930 च्या दशकात मेरी कोल्टर या वास्तुकार बाईंनी सांता फे रेल्वेच्या ‘सुपर चीफ’ गाडीतल्या भोजनाच्या डब्यासाठी या आकृतींवरून चिनी मातीच्या बश्या-ताटल्या करवल्या. थडग्यातल्या चित्रांवर चॉप आणि बटाटे! पहिल्यांदा राग येतो. मग ती झीज आठवते. वाडगे मुळात जेवायचेच होते. आक्षेप घ्यायचा तर जेवण्यावर घेता येत नाही, ज्यांची ती चित्रं होती त्यांच्या वंशजांना कुणी विचारलं नव्हतं यावर घेता येतो.

विचारायचं की नाही, हा प्रश्न आता टाळता येत नाही. 1990 च्या अमेरिकी कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या संग्रहालयांवर थडग्यांतल्या वस्तू मूळ समाजांना परत करण्याची जबाबदारी टाकली. 2024 पासून तर अशा वस्तू मांडण्याआधी त्या समाजांची संमती घ्यावी लागते, आणि त्या जानेवारीत कित्येक संग्रहालयांनी आपली कपाटं झाकून टाकली. त्याआधी 2019 मध्ये शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने मिम्ब्रेस भांड्यांचं मोठं प्रदर्शन उद्‌घाटन तोंडावर आलेलं असताना बेमुदत पुढे ढकललं, कारण तयारीत मूळ समाजांचा आवाज पुरेसा नव्हता. काही जणांनी म्हटलं, ही कलेची हानी. आम्हाला तसं वाटत नाही. जी चित्रं पालथी घालून, भोक पाडून, कुणी बघू नये अशा जागी ठेवली होती ती बघायला मिळणं हा आपला हक्क, असं धरून चालायला आधार काय? अभ्यासाचं नुकसान होतं हे खरं आहे, आणि ते सोसायला हवं असं आमचं म्हणणं आहे. तुमच्यातल्या काहींचं याहून वेगळं असेल. त्यावर जरूर बोलू.

म्हणूनच आज एवढा वेळ वाडग्यांबद्दल बोलूनही पडद्यावर एकही वाडगा आला नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. आता जे भांडं समोर येतंय ते अकोमा प्वेब्लोच्या ल्युसी लुइस यांचं आहे. 1992 मध्ये त्या गेल्या. मिम्ब्रेसच्या जुन्या नक्ष्या त्यांनी आपल्या कामात पुन्हा आणल्या, युकाच्या पानाच्या कुंचल्याने, पट्टी न वापरता. हे भांडं थडग्यातलं नाही, विकायलाच केलेलं आहे, तळाला त्यांची सही आहे. खांद्यापासून खाली येणाऱ्या बारीक रेघा बघा. मधे कुठेच प्राणी नाही. पांढऱ्या आकारांवर नजर ठेवा, घाई करू नका. दोन मिनिटं कुणीच बोलायचं नाही, मग प्रश्न घेऊ.